चोक: थंड इंजिनाला जागे करणारी झडप

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गेले, तर गवताच्या पात्यांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. हे गोठलेले दव. वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र जवळजवळ दर वर्षी येते. त्याच दिवशी वेधशाळेने दिलेले किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते, आणि विद्यार्थी विचारतात, की मग दव गोठले कसे? उत्तर सोपे आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून काही उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकून देते आणि तिला लागून असलेली हवा सर्वांत जास्त थंड होते. ही थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून ओघळत तलावाजवळच्या सखल भागात साचते.

आता अशाच सखल भागात रात्रभर उघड्यावर उभा असलेला, १९४० च्या दशकातला, पेट्रोलवर चालणारा एक जुना ट्रक डोळ्यांसमोर आणू या. ड्रायव्हर आत बसतो, समोरच्या फळीवरची एक छोटी घुंडी बाहेर ओढतो आणि मग इंजिन फिरवतो. इंजिन दोन-तीनदा खोकते, धूर सोडते आणि सुरू होते. घुंडी ओढायची राहिली असती, तर बॅटरी उतरेपर्यंत फिरवूनही ते बहुधा सुरू झाले नसते. ही घुंडी म्हणजे चोक. ती ओढल्यावर इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडावर एक झडप बसते, म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडतो. गंमत पाहा, जे इंजिन आधीच सुरू व्हायला तयार नाही, त्याचाच श्वास आपण कोंडतो आणि ते त्यामुळे सुरू होते!

या विरोधाभासाचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्राचे चार-पाच धडे, मोटारीचा शंभर वर्षांचा इतिहास आणि महाबळेश्वरचा भूगोल अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून या लेखात या छोट्या झडपेची ओळख करून घेऊ.

घाटातून वर आलेली वाहने

महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटर, म्हणजे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याकडून जागा मिळवून येथे थंड हवेचे ठाणे वसवले. माल्कमपेठ हे नाव त्यावरूनच पडले. पुढे मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्काम हलवू लागले. रेल्वे आल्यावर लोक वाठार स्टेशनावर उतरत आणि टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे करत वर येत. कोकणातून यायचे, तर पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढावा लागे. टांग्याला ठिकठिकाणी घोडे बदलावे लागत, कारण चढाने जनावर दमे.

मुंबईत मोटारी दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्या घाटरस्त्यांवरही आल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेवरोलेट गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. फोर्डच्या गाड्याही मुंबईत जुळवल्या जाऊ लागल्या. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ या मोटारी आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, शेवरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, कॉमर अशा अनेक जातींच्या गाड्या होत्या. त्याआधी खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्याच.

या काळातले बहुतेक हलके ट्रक आणि प्रवासी गाड्या पेट्रोलवर चालत. त्या प्रत्येकीत एक कार्बुरेटर असे आणि बहुतेकींच्या कार्बुरेटरला एक चोक असे.

पेट्रोल जळत नाही, वाफ जळते

आपण सहज म्हणतो, की पेट्रोल जळते. काटेकोरपणे पाहिले तर द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. हे मिश्रणही हव्या त्या प्रमाणात चालत नाही. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून बरीच जास्त झाली, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. पेट्रोलची वाफ फार जास्त झाली, तरीही ते पेटत नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यातच इंजिन चालते. म्हणून पेट्रोल इंजिन बनवणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न होता, की हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळायचे कसे?

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत हवा इंधनाच्या पृष्ठभागाशी खेळवली जाई आणि जाताना सोबत वाफ घेऊन जाई. ओला कपडा वाऱ्यावर वाळतो तोच हा प्रकार. पण बाष्पीभवन तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे थंडीत वाफ कमी आणि उन्हात जास्त. त्यातच इंधनातला हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग मागे राही.

यावर उपाय निघाला तो फवाऱ्याचा. १८९३ च्या फेब्रुवारीत हंगेरीतल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवारा मारणाऱ्या कार्बुरेटरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी स्वतंत्रपणे तशीच रचना पुढे आणली. फुलांवर तोंडाने नळीतून पाणी फवारणारी फुलवाली पाहून हंगेरियन संशोधकांना ही कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तत्त्व मात्र तेच आहे आणि ते वर्गात दाखवता येते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात एक नळी उभी धरा. दुसऱ्या नळीने तिच्या वरच्या तोंडावरून आडवी, जोरात फुंकर मारा. उभ्या नळीतून पाणी वर चढते आणि तुषार उडतात.

वेगाने जाणाऱ्या प्रवाहातला दाब आणि त्याचा वेग यांचा संबंध डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडला होता. नळी मध्ये अरुंद केली, की तेथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या जोव्हानी बाटिस्टा व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. कार्बुरेटरचा गळा म्हणजे हीच अरुंद नळी. इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ती गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि शेजारच्या छोट्या कुंडीतले पेट्रोल बारीक तोटीतून, म्हणजे जेटमधून, फवारले जाते. कुंडीतली पातळी कायम राखण्याचे काम एक तरंगणारा फ्लोट करतो. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा हेच काम करतो.

थंडीची दुहेरी अडचण

इतकी सुंदर रचना थंड सकाळी मात्र अडते. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण वेगाचे. सुरू असलेले इंजिन सावकाश फिरतानाही मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते. हाताने किंवा सेल्फने फिरवताना मात्र जेमतेम शंभर फेरे होतात. म्हणजे गळ्यातील हवेचा वेग पाचव्या हिश्श्यावर येतो. दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती पंचविसाव्या हिश्श्यावर येते. इतक्या क्षीण ओढीने पेट्रोल जेटमधून वर येत नाही.

दुसरे कारण बाष्पीभवनाचे. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. ३५ अंश सेल्सिअसपासून जवळजवळ २०० अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानांना उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. इंजिन तापलेले असले, की जवळजवळ सर्व भागांची वाफ होते. इंजिन थंड असले, की फक्त हलक्या भागाची वाफ होते. उरलेले पेट्रोल थंड नळीच्या भिंतींवर थेंबांच्या रूपात चिकटून राहते. शिवाय बाष्पीभवनाला लागणारी उष्णता आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून घेतली जाते, त्यामुळे नळी आणखी गार होते. हातावर कोलनवॉटरचा थेंब टाकला, की गार वाटते ते याच कारणाने.

तेव्हा उपाय काय? दहातील दोनच भागांची वाफ होणार असेल, तर एकाच्या जागी पाच पट पेट्रोल द्यायचे, म्हणजे हवी तेवढी वाफ मिळेल. हेच काम चोक करतो. त्याची झडप गळ्याच्या वरच्या बाजूला, हवा आत येण्याच्या वाटेवर असते. ती मिटली, की दट्ट्याची सारी ओढ बाहेरची हवा आणण्याऐवजी जेटवर पडते आणि पेट्रोल भरपूर वर येते.

हेही वर्गात दाखवता येईल. सरबताच्या नळीला वरच्या बाजूला, सरबताच्या पातळीच्या वर टाचणीने एक मोठेसे भोक पाडा आणि सरबत ओढा. भोकातून हवा येते आणि सरबत थोडेच मिळते. आता भोकावर बोट ठेवा. ओढ तेवढीच, पण तोंड सरबताने भरते. ते बोट म्हणजे चोक. इंजिन सुरू झाल्यावर बोट हळूहळू काढावे लागते, नाहीतर हवाच मिळणार नाही. ‘चोक दिला तर पाहिजे, पण वेळेवर काढलाही पाहिजे’ हे प्रत्येक जुन्या ड्रायव्हरचे सूत्र एवढ्या प्रयोगात कळते.

हँडल, तार आणि घुंडी

१९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीत आणि तिच्यावरून तयार केलेल्या एक टनी ट्रकमध्ये चोकची एक तार थेट रेडिएटरच्या पुढे आणलेली असे. हँडल मारणारा माणूस डाव्या हाताने तारेची कडी ओढी आणि उजव्या हाताने इंजिन फिरवी. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा क्लीनरला शिकवला जाणारा पहिला धडा. इंजिन उलटे मारले, तर मुठीभोवती गुंडाळलेला अंगठा किंवा मनगट मोडे. याच गाडीत पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्बुरेटरकडे जाई. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला, की कार्बुरेटर टाकीपेक्षा उंच होई आणि पेट्रोल पोहोचत नसे. मग गाडी उलटी फिरवून मागच्या गियरमध्ये चढ चढवीत.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडलची सक्ती हळूहळू संपली. मग चोकची तारही ड्रायव्हरपुढच्या फळीवर आली. १९३० च्या दशकात अमेरिकी मोटारींमध्ये आपोआप उघडणारा चोक बसू लागला. त्यात द्विधातूची गुंडाळी असते. दोन धातू उष्णतेने कमीअधिक प्रसरण पावतात, म्हणून गुंडाळी तापली की उलगडते आणि झडप उघडते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी जहाजावरच्या घड्याळासाठी वापरलेली द्विधातूची पट्टी अशा रीतीने मोटारीत आली. ट्रकमध्ये मात्र हाताचा चोक बराच काळ टिकला. तो स्वस्त, साधा आणि रस्त्यात दुरुस्त करता येण्यासारखा होता.

आणि त्यामुळेच ट्रक-ड्रायव्हरच्या हाताला एक ज्ञान आले. आज थंडी किती, गाडी किती वेळ उभी होती, घुंडी पूर्ण ओढायची की अर्धी, इंजिनाचा आवाज कोणत्या सुरावर आला की ती आत ढकलायची, हे त्याला पुस्तकाने नव्हे तर कानाने आणि बोटांनी कळे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले. तेव्हा देशातल्या पुष्कळ बस आणि ट्रक मागे लोखंडी भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर चालवले गेले. अशा गाड्याही अनेकदा पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर वळवाव्या लागत. म्हणजे पेट्रोल अगदी मोजके मिळत असतानाही सुरुवातीचा घोट चोकलाच द्यावा लागे.

महाबळेश्वरचा उलटा हिशेब

आता महाबळेश्वरकडे परत येऊ. येथे थंडीबरोबर उंचीही आहे, आणि कार्बुरेटरच्या दृष्टीने या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत.

१३७२ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो. पाणी येथे सुमारे ९५ अंशांनाच उकळते, म्हणूनच घाट चढून आलेल्या गाडीचा रेडिएटर लवकर वाफा सोडतो. प्रमाण मानलेल्या वातावरणात या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८७ टक्के असते. म्हणजे प्रत्येक श्वासात इंजिनाला जवळजवळ एक अष्टमांश हवा कमी मिळते आणि शक्तीही साधारण तितकीच घटते.

पण पेट्रोल त्याच प्रमाणात कमी होत नाही. गळ्यातून जाणाऱ्या हवेचे आकारमान तेवढेच असते, म्हणून तिचे वस्तुमान घनतेच्या प्रमाणात घटते. दाबातील घट आणि हवेची घनता यांचेही प्रमाण सरळ आहे. पेट्रोलचा प्रवाह मात्र दाबातील घटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ०.८७ चे वर्गमूळ सुमारे ०.९३. म्हणजे हवा १३ टक्क्यांनी घटली, तर पेट्रोल ७ टक्क्यांनीच घटते. परिणामी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी जास्त होते. मुंबईच्या हवेला जुळवलेले इंजिन महाबळेश्वरला पोचले, की किंचित काळा धूर सोडते आणि जड चालते, त्याचे एक कारण हे आहे.

म्हणून येथला हिशेब असा. पहाटे इंजिन गार असताना चोक हवाच. पण इंजिन थोडे तापले, की पठारावरच्या गाडीपेक्षा लवकर तो काढून घ्यायला हवा, कारण उंचीमुळे मिश्रण आधीच घट्ट झालेले असते. चोक राहिला, तर ठिणगीचे प्लग पेट्रोलने भिजतात आणि गाडी ‘फ्लड’ होते. त्याहून वाईट म्हणजे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि खाली उतरून इंजिन-ऑइल पातळ करते. एका सकाळी हे कळत नाही. काही हिवाळ्यांनी दट्ट्याच्या कड्या झिजल्यावर कळते.

जुने भाग टाकू नका

समजा, असा एखादा ट्रक आज तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वखारीत उभा आहे आणि हौसेने कोणी तो चालू करत आहे. अनुभव असा असतो, की अशा गाडीत चोकचे काहीतरी गेलेलेच असते. कधी तार गंजून आवरणात अडकलेली असते. कधी झडपेची दांडी झिजून डुगडुगत असते. कधी मधल्या कोणा कारागिराने झडपच काढून टाकलेली असते आणि गार सकाळी कार्बुरेटरच्या तोंडावर तळहात किंवा फडके दाबून काम भागवले जाते. तळहात हाही चोकच आहे, पण घातक. इंजिन उलटे भडकले, तर ज्वाळा त्याच तोंडातून बाहेर येते.

नवा, वेगळ्याच गाडीचा कार्बुरेटर बसवून टाकावा, हा सोपा सल्ला अशा वेळी मिळतो. पण जुने भाग बहुधा दुरुस्त होण्यासारखे असतात. ते का टिकवावेत, हे ते नीट पाहिल्यावर कळते. अनेक जुन्या कार्बुरेटरांत झडपेची दांडी अगदी मध्यावर नसून थोडी एका बाजूला असते आणि तिला एक हलकी स्प्रिंग जोडलेली असते. घुंडी पूर्ण ओढलेली असतानाही इंजिन पेटले, की वाढलेली हवेची ओढ झडपेच्या मोठ्या बाजूवर पडते आणि स्प्रिंगला न जुमानता झडप स्वतःच थोडी उघडते. म्हणजे ड्रायव्हरची चूक सांभाळून घेण्याची सोय त्यातच आहे. ही स्प्रिंग ‘निकामी’ समजून काढली, की ती सोय गेली. दुसरी सोय म्हणजे चोक आणि थ्रॉटल यांना जोडणारी एक लहानशी सळई. चोक ओढला, की ती थ्रॉटल किंचित उघडते, म्हणजे गार इंजिन थोडे जलद फिरत राहते. ही सळई हरवली, की इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते आणि दोष मात्र चोकला दिला जातो.

दुरुस्तीचा क्रम साधा आहे. आधी चोक सोडून बाकीचे तपासावे: बॅटरीत जोर आहे का, ठिणगी पडते का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केटमधून जादा हवा शिरते का. ‘चोक काम करत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. मग हवेचा फिल्टर काढून झडप डोळ्यांनी पाहावी. घुंडी ओढल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे आणि आत ढकलल्यावर पूर्ण उघडून सरळ उभी राहिली पाहिजे. अर्धवट उघडी राहणारी झडप पेट्रोल खाते. तार आवरणातून काढून, पुसून, हलके तेल लावून परत घालावी आणि तिला तीव्र बाक राहू देऊ नये. झडपेची कड तिरपी कापलेली असते, त्यामुळे ती उलटी बसली तर अडकते. तिचे बारीक पितळी स्क्रू कारखान्यात टोकाला ठोकून पक्के केलेले असतात. ते सोडवले, तर परत तसेच पक्के करायला हवेत, कारण सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. ही सारी कामे इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत आणि विडी-काडी दूर ठेवून करायची. विद्यार्थ्यांनी हे पाहावे, पण पेट्रोलला हात लावण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच असावे.

उसाच्या रानातून आलेला नवा प्रश्न

असा ट्रक आज चालवणाऱ्यापुढे १९४८ मध्ये नसलेला एक प्रश्न आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. सातारा-सांगली हा उसाचा मुलूख, आणि इथेनॉल बनवण्याचा एक मोठा मार्ग साखर कारखान्यांतून जातो. म्हणजे कृष्णाकाठच्या उसाचा अंश घाटमाथ्यावरच्या गाडीच्या टाकीत येतो.

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो हवाच पुरते. २० टक्के मिश्रणाचा हिशेब केला, तर १ किलो इंधनाला सुमारे १३.५ किलो हवा लागते. जुन्या जेटमधून मात्र १४.७ च्या हिशेबानेच इंधन येते, म्हणजे मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ पडते. आता मघाचा आकडा आठवा. महाबळेश्वरच्या उंचीमुळे मिश्रण सुमारे ७ टक्क्यांनी घट्ट होते. म्हणजे तापलेल्या इंजिनापुरते पाहिले, तर शुद्ध पेट्रोल आणि समुद्रसपाटी यांच्यासाठी कापलेले जेट आजच्या पेट्रोलवर महाबळेश्वरात जवळजवळ बरोबर ठरते! हा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, पण दोन वेगळी कारणे एकमेकांना कशी छेदतात, हे दाखवायला फार चांगला आहे.

गार इंजिनाला मात्र ही सवलत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. पहाटे ती उष्णता आणायची कोठून? त्यामुळे आजच्या इंधनावर जुन्या ट्रकला चोकची गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. शिवाय जुने रबर आणि बुचाचे फ्लोट यांना इथेनॉल मानवत नाही, त्यामुळे त्या वस्तू बदलाव्या लागतात. जुने जपायचे म्हणजे सगळेच जुने ठेवायचे असे नव्हे. कोणता भाग कशासाठी आहे हे ओळखून ठरवायचे.

चोक गेला, त्याचे तत्त्व राहिले

१९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बनू लागले. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जुळणी थांबवली. पुढे माल वाहण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे डिझेलकडे गेले. डिझेल इंजिनात कार्बुरेटर नसतो. तेथे फक्त हवा दाबून तापवतात आणि तापलेल्या हवेत इंधन फवारतात, त्यामुळे चोकचा प्रश्नच उरत नाही. चोक उरला तो मोटारी आणि दुचाकींत. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आणि आकुर्डीची बजाज स्कूटर यांच्यामुळे तो घराघरात ठाऊक झाला. सकाळी स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. कुंडीतले पेट्रोल गळ्यात सांडून मिश्रण घट्ट करण्याची ती युक्ती होती. म्हणजे बर्नुली माहीत नसतानाही लोक थंड सुरुवातीचे भौतिकशास्त्र वापरत होते.

२००० च्या आसपास प्रदूषणाच्या नियमांमुळे मोटारींतला कार्बुरेटर गेला. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला. आता तापमान आणि दाब मोजणारे संवेदक असतात, एक छोटा संगणक हिशेब करतो आणि इंधन फवारले जाते. संगणकही गार इंजिनाला जास्त इंधन देतो आणि उंचीवर कमी करतो. ड्रायव्हरची बोटे जे करत होती, तेच तो अधिक अचूक करतो. त्यामुळे धूर कमी झाला आणि इंधन वाचले. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

पण शिकण्याच्या दृष्टीने एक गोष्ट हातची गेली आहे. संगणकाची पेटी उघडून विद्यार्थ्याला काही दिसत नाही. चोकची झडप मात्र दिसते. ती मिटताना, उघडताना, इंजिनाचा आवाज बदलताना दिसतो आणि ऐकू येतो. दाब, बाष्पीभवन, अप्रकट उष्णता, प्रसरण आणि उंची हे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले विषय एका घुंडीला बांधलेले आहेत. ज्या गाडीत ते सारे भाग मूळच्या रूपात चालतात, ती गाडी म्हणजे एक उघडी प्रयोगशाळा आहे. ज्या गाडीत झडप काढून टाकली आहे, ती धावेलही, पण काही शिकवणार नाही.

वाई, सातारा, कराड, सांगली, मिरज अशा गावांतून जुनी गॅरेजे आहेत आणि पेट्रोलच्या ट्रकवर हँडल मारलेले वृद्ध कारागीरही कोठे कोठे भेटतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा एक छोटा गट घेऊन त्यांच्याकडे जावे. जुना कार्बुरेटर भंगारातही मिळतो. तो स्वच्छ, पूर्ण कोरडा करून वर्गात ठेवता येईल. नंतर मुलांना तीन प्रश्न द्यावेत. पोलादपूरहून पहाटे निघालेल्या पेट्रोल ट्रकने आंबेनळीचा घाट चढताना चोक केव्हा आत ढकलावा? तोच ट्रक दुपारी महाबळेश्वरला तासभर थांबून परत निघाला, तर चोक लागेल का? आणि वेण्णा तलावाजवळ रात्री मुक्काम केला, तर गाडी तलावाकाठच्या सखल भागात उभी करावी की थोडी वर, चढावर? तिन्ही उत्तरे कारणांसह देता आली, तर या छोट्या झडपेचा धडा समजला असे मानायला हरकत नाही.